तांदूरची निवडणूक आणि चेन्ना रेड्डींची सहा वर्षे

हैदराबादेत अफजलगंजकडून जुन्या शहराकडे जाताना मुसी नदीच्या पुलावर क्षणभर थांबले, तर दोन काठांवरच्या दोन भव्य इमारती एकमेकींकडे बघत उभ्या दिसतात. अलीकडे उस्मानिया दवाखाना, पलीकडे 1920 साली उघडलेले घुमटांचे, गुलाबी-तांबड्या दगडाचे उच्च न्यायालय. खाली नदी नावापुरती. डॉ. मर्री चेन्ना रेड्डी यांच्या कारकिर्दीची सुरुवात अलीकडच्या काठावर झाली, कारण उस्मानिया विद्यापीठातून 1941 साली ते डॉक्टर झाले. पलीकडच्या काठावरच्या न्यायालयाने 1968 साली त्यांची आमदारकी काढून घेतली आणि त्यांना निवडणुकीच्या राजकारणातून उठवले. पण ही माणसे अशी उठत नसतात. त्यानंतर ते दोनदा मुख्यमंत्री आणि चार राज्यांचे राज्यपाल झाले.

चेन्ना रेड्डींचा जन्म 13 जानेवारी 1919 रोजी विकाराबाद भागातल्या सिरिपुरम या गावचा. घर शेतीवाडीवाले, रेड्डी. त्या काळी उस्मानियात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जाई. तेलुगू घरातला मुलगा उर्दूत शरीरशास्त्र शिकला आणि पुढे सभा दोन्ही भाषांत गाजवू लागला. दवाखाना फार काळ चालला नाही. आंध्र महासभा, मग काँग्रेस, असे करत ते निजामाविरुद्धच्या राजकारणात आले आणि तिथलेच झाले.

1952 च्या पहिल्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्यात बुर्गुला रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले. ते मंत्रिमंडळ मराठी वाचकाला परके वाटू नये. दिगंबरराव बिंदू, विनायकराव विद्यालंकार, फुलचंद गांधी, देवीसिंह चौहान ही मराठवाड्याला ठाऊक असलेली माणसे त्यात होती. त्यांच्याच रांगेत 33 वर्षांचे चेन्ना रेड्डी शेती आणि अन्नधान्याचे खाते घेऊन बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात शहरात ‘मुलकी’ आंदोलन पेटले. बाहेरून आलेल्यांना नोकऱ्या नकोत, असे म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले आणि सिटी कॉलेजजवळ पोलिसांनी गोळीबार केला. मुलकी म्हणजे इथला, गैरमुलकी म्हणजे उपरा. हे दोन शब्द पुढची साठ वर्षे तेलंगणाच्या राजकारणात वाजत राहिले, आणि चेन्ना रेड्डींच्या नशिबातही.

1956 साली राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, कन्नड जिल्हे म्हैसूरला, आणि तेलंगणाचे काय, हा वाद. फाजल अली आयोगाने तेलंगणा काही काळ वेगळाच ठेवावा असे सुचवले होते. दिल्लीने ते मानले नाही. मग 20 फेब्रुवारी 1956 रोजी आंध्र आणि तेलंगणाच्या पुढाऱ्यांत एक करार झाला, तो ‘जंटलमन्स अॅग्रीमेंट’ म्हणून ओळखला जातो. तेलंगणाच्या बाजूने सही करणारे चौघे होते: बुर्गुला, के. व्ही. रंगा रेड्डी, जे. व्ही. नरसिंग राव आणि चेन्ना रेड्डी. नोकऱ्यांत मुलकींना संरक्षण, तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च करणे, मुख्यमंत्री आंध्रचा असेल तर उपमुख्यमंत्री तेलंगणाचा, अशी कलमे. आपल्याकडे 1953 साली नागपूर करार झाला होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला अशा करारांचे पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको. नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी यांनी उपमुख्यमंत्री नेमलाच नाही. हे पद म्हणजे हाताला सहावे बोट, असे ते म्हणाल्याची आठवण तेलंगणात अजून काढतात.

चेन्ना रेड्डी मात्र पुढे सत्तेत आले. मुख्यमंत्री ब्रह्मानंद रेड्डींच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. कागदावर वजनदार खाते आणि मनात मुख्यमंत्रिपद, अशी त्यांची अवस्था. ब्रह्मानंद रेड्डी गुंटूर भागातले, मितभाषी, आपले पत्ते झाकून खेळणारे. चेन्ना रेड्डी उघडे, तापट. या दोघांचे जमले असते तरच नवल.

1967 ची विधानसभा निवडणूक त्यांनी तांदूरमधून लढवली. तांदूर म्हटले की बांधकामवाल्याला फरशी आठवते. शहाबादी फरशीची ही शेजारीण, वाडीकडून सिकंदराबादला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव, कर्नाटकाच्या सीमेला लागून. निवडणूक जिंकल्यावर महिनाभरातच इंदिरा गांधींनी त्यांना दिल्लीला बोलावले आणि पोलाद व खाणखाते दिले. वयाच्या 48 व्या वर्षी केंद्रात कॅबिनेट मंत्री. तांदूरची जागा आता त्यांच्या दृष्टीने किरकोळ होती.

ती किरकोळ वाटली नाही ती पराभूत उमेदवाराला. त्यांचे नाव रामचंद्र राव, पण सगळे त्यांना ‘वंदेमातरम्’ रामचंद्र राव म्हणत. हे टोपणनाव सभेतून मिळालेले नव्हते. आर्य समाजाचे कार्यकर्ते म्हणून 1938-39 च्या सुमारास ते निजामाच्या तुरुंगात होते. तिथे फटक्यांची शिक्षा झाली, तेव्हा प्रत्येक फटक्यागणिक ते ‘वंदेमातरम्’ म्हणत राहिले, अशी ती कथा. त्याच काळात औरंगाबादच्या वसतिगृहातल्या मुलांनी वंदेमातरम् म्हणण्याचा हट्ट धरला, तो वणवा हैदराबादच्या उस्मानियापर्यंत गेला, आणि काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्यात घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. अशा मुशीतून आलेला माणूस हरल्यावर हार मानून घरी बसणारा नव्हता. त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली.

वेळही अशी होती की याचिकेला धार यावी. 1966 पर्यंत निवडणुकीचे तंटे खास न्यायाधिकरणांपुढे चालत आणि रखडत. 1966 च्या दुरुस्तीने ते थेट उच्च न्यायालयांकडे आले. 1967 च्या निवडणुकांवरच्या याचिका हा या नव्या व्यवस्थेचा पहिला हप्ता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमात ‘भ्रष्ट आचरण’ म्हणजे काय त्याची यादी आहे: लाच, धाकदपटशा, धर्म-जातीच्या नावाने आवाहन, सरकारी नोकरांची मदत आणि आणखी काही. यातले एक जरी सिद्ध झाले तरी निवडणूक रद्द, आणि त्या काळच्या 8अ कलमानुसार निवडणूक लढवायला आपोआप सहा वर्षांची बंदी. इथे न्यायाधीशांच्या मर्जीला जागा नव्हती. निकाल लागला की बंदी लागलीच.

आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने चेन्ना रेड्डींच्या विरोधात निकाल दिला. एप्रिल 1968 मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पोलादमंत्री म्हणून जेमतेम एक वर्ष भरले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1968 मध्ये तिथेही अपील फेटाळले गेले. त्या निकालात एक मुद्दा न्यायालयाने नीट मांडला आहे. भ्रष्ट आचरणाचा आरोप हा जवळजवळ फौजदारी स्वरूपाचा असतो, तेव्हा दोन बाजूंपैकी कोणती अधिक संभाव्य वाटते एवढ्यावर निकाल देता येत नाही, भक्कम पुरावा लागतो. मौज अशी की हे तत्त्व आरोपीच्या बाजूचे. पुढे कितीतरी आमदार-खासदारांच्या वकिलांनी ‘चेन्ना रेड्डी विरुद्ध रामचंद्र राव’ हा हवाला देऊन आपले अशील सोडवायचा प्रयत्न केला. स्वतः चेन्ना रेड्डींना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

मराठी वाचकाला याचे आपल्याकडचे उदाहरण चटकन आठवेल. 1987 ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभू आणि बाळासाहेब ठाकरे. प्रभूही डॉक्टरच. 1989 साली मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढल्याचा आदेश निघाला तो 1999 साली. निकाल आणि शिक्षेत एवढे अंतर कसे पडले, ते कळायला आधी लखनौला जावे लागेल.

डिसेंबर 1968 मध्ये बंदीवर शिक्कामोर्तब झाले आणि जानेवारी 1969 मध्ये तेलंगणा पेटला.

कारणे खरी होती. ती कोणी कट करून आणलेली नव्हती. करारातली कलमे बारा वर्षे धूळ खात होती. पाल्वंचाच्या वीजकेंद्रातल्या नोकऱ्यांवरून खम्मम जिल्ह्यात असंतोष सुरू झाला, खम्ममचा एक विद्यार्थी उपोषणाला बसला आणि बघता बघता उस्मानिया विद्यापीठ बंद पडले. पुढे पोलिसांचा गोळीबार, संचारबंदी, रिकामे वर्ग. आंदोलकांच्या मते वर्षभरात 369 जणांचे प्राण गेले. सरकारी आकडा याहून बराच कमी होता. विधानसभेच्या इमारतीजवळ गन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उभे आहे.

सुरुवातीला चळवळ विद्यार्थ्यांची आणि सरकारी नोकरांची होती. तेलंगणा प्रजा समिती स्थापन झाली तीही तरुणांच्या आणि वकील-शिक्षकांच्या पुढाकाराने. मे 1969 मध्ये तिचे अध्यक्षपद चेन्ना रेड्डींकडे आले. निवडणूक लढवता येत नाही, मंत्री होता येत नाही, पण सभेला बंदी नाही. ‘मर्री’ आता हैदराबादच्या मैदानांवर ब्रह्मानंद रेड्डींचे नाव घेऊन गरजू लागले. जूनमध्ये त्यांना प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली अटक झाली आणि राजमहेंद्रीच्या तुरुंगात, म्हणजे मुद्दाम आंध्रच्या बाजूला, पाठवले गेले. त्या एका अटकेने न्यायालयात हरलेला पुढारी लोकांच्या नजरेत हुतात्म्यांच्या रांगेत जाऊन बसला.

हैदराबादेतली जुनी माणसे त्यांना सरळ संधिसाधू म्हणतात. तांदूर गेले म्हणून तेलंगणा आठवला, असे. मला हे अर्धेच पटते. 1956 च्या करारावर त्यांची सही होती, आणि मुलकीचा प्रश्न त्यांनी मंत्री म्हणून 1952 मध्येच जवळून पाहिला होता. प्रश्न त्यांना जुनाच माहीत होता. पण करारानंतरची बारा वर्षे ते त्यावर इतके तापले नव्हते, हेही खरे. त्यांची आमदारकी शाबूत असती, तर 1969 च्या उन्हाळ्यात ते दिल्लीत पोलादाच्या फायली बघत बसले असते, याबद्दल मला शंका नाही.

मार्च 1971 ची लोकसभा निवडणूक आली. देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि त्या लाटेत तेलंगणात मात्र 14 पैकी 10 जागा प्रजा समितीने जिंकल्या. चेन्ना रेड्डी स्वतः उमेदवार नव्हते, होऊच शकत नव्हते. दहा खासदार निवडून आणणारा पुढारी घरी, आणि खासदार दिल्लीला. मग जे झाले त्याचा राग तेलंगणाच्या पिढ्यांना पुरून उरला. सहा महिन्यांत, सप्टेंबर 1971 मध्ये, प्रजा समिती काँग्रेसमध्ये विलीन झाली. बदल्यात ब्रह्मानंद रेड्डींना जावे लागले आणि पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री झाले. तेलंगणाला राज्य मिळाले नाही, तेलंगणाचा मुख्यमंत्री मिळाला. पी. व्हीं.चे मराठी इतके चांगले की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यांनी तेलुगूत नेली. मुख्यमंत्रिपद मात्र त्यांना जेमतेम सव्वा वर्ष लाभले, कारण मुलकी नियमांवरच्या निकालानंतर आंध्रच्या बाजूने उलटी ‘जय आंध्र’ चळवळ उठली.

चेन्ना रेड्डींना त्यांचा वाटा ऑक्टोबर 1974 मध्ये मिळाला, तो लखनौला, राजभवनात. सहा वर्षांचा वनवास संपला तो असा. निवडणुकीत भ्रष्ट आचरणाचा ठपका असलेला माणूस उत्तर प्रदेशाचा राज्यपाल झाला. घटनेला त्यात काही खुपत नव्हते, राज्यपाल निवडून यावा लागत नाही.

आणि मग 12 जून 1975. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी राजनारायण यांच्या याचिकेवर निकाल देऊन इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. तेच 123 वे कलम, तीच सहा वर्षांची बंदी. ज्या राज्यात हा निकाल लागला, त्याचे राज्यपाल होते डॉ. चेन्ना रेड्डी. अशी बंदी स्वतः भोगलेला माणूस त्या आठवड्यात देशभरातल्या राजभवनांत बहुधा हा एकच असावा. चेन्ना रेड्डींनी राजीनामा देऊन सहा वर्षे काढली होती. इंदिरा गांधींनी तसे केले नाही. आणीबाणी आली, आणि ऑगस्ट 1975 मध्ये कायदाच बदलला. 8अ कलमातली आपोआप लागणारी बंदी गेली. आता किती वर्षांची बंदी, किंवा बंदी लावायचीच की नाही, हे निवडणूक आयोगाचे मत घेऊन राष्ट्रपती ठरवणार. ठाकरेंच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1995 चा आणि आदेश 1999 चा, हे अंतर पडले ते या दुरुस्तीमुळे. चेन्ना रेड्डींना मात्र जुन्या कायद्याचा चाबूक पुरता बसला होता.

नोव्हेंबर 1975 च्या अखेरीस मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा गेले आणि जवळजवळ दोन महिने राष्ट्रपती राजवट आली. म्हणजे तेवढा काळ लोकसंख्येने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचा कारभार राजभवनातून चालला.

1978 हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत गोड वर्ष. जानेवारीत काँग्रेस फुटली आणि दुसऱ्या काँग्रेसचे अध्यक्ष होते ब्रह्मानंद रेड्डी, तोच जुना प्रतिस्पर्धी. इंदिरा काँग्रेसने हाताचा पंजा हे नवे चिन्ह घेतले आणि फेब्रुवारीत आंध्रात 294 पैकी 175 जागा जिंकल्या. ब्रह्मानंद रेड्डींच्या काँग्रेसला 30 मिळाल्या. 6 मार्च 1978 रोजी चेन्ना रेड्डी मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात पोलिसी अत्याचाराच्या एका प्रकरणावरून हैदराबाद पेटले आणि न्यायमूर्ती मुक्तदर आयोग नेमावा लागला. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर 1980 मध्ये, पक्षांतर्गत विरोधकांच्या तक्रारींपुढे दिल्लीने त्यांचा राजीनामा घेतला. मग थोडा काळ पंजाबचे राज्यपालपद, मग स्वतःचा पक्ष, 1984 मध्ये करीमनगरला पराभव, पुन्हा काँग्रेस. डिसेंबर 1989 मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री. ते वर्षभर टिकले. डिसेंबर 1990 च्या हैदराबादच्या दंगलीत शंभराहून अधिक माणसे मेली आणि 17 डिसेंबरला ते पायउतार झाले.

यानंतर कोणीही असेच म्हटले असते की आता संपले. 1992 मध्ये राजस्थान आणि 1993 मध्ये तामिळनाडूचे राजभवन मिळाले, तेही निवृत्तीची सोय वाटावे असे. पण चेन्नईत मुख्यमंत्री होत्या जयललिता, आणि त्या दोघांचे पहिल्या वर्षापासून बिनसले.

डॉ. सुब्रमण्यम स्वामी यांनी राज्यपालांकडे अर्ज केला होता की तान्सी या सरकारी महामंडळाच्या जमिनीच्या व्यवहारात आणि कोळशाच्या आयातीत मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला मंजुरी द्यावी. इथे राज्यपालाने मंत्रिमंडळाचा सल्ला घ्यायचा की स्वतः ठरवायचे? उत्तर महाराष्ट्राने आधीच दिले होते. अंतुले प्रकरणात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की मुख्यमंत्र्यावरच्या खटल्याची मंजुरी राज्यपालाने आपल्या विवेकाने द्यायची, आरोपीच्याच मंत्रिमंडळाला विचारून नव्हे. त्या वर्षी जुलैत अंतुल्यांवर खटल्याची मंजुरी देणारे राज्यपाल इद्रिस हसन लतीफ हेही हैदराबादचेच. 25 मार्च 1995 रोजी चेन्ना रेड्डींनी सही केली. पुढे तिंडिवनमजवळ त्यांच्या ताफ्यावर सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला. जयललितांनी विधानसभेत त्यांच्यावर वैयक्तिक आरोप केले. मंजुरीला दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयात टिकले नाही.

ही सही सूडाची होती की कायद्याची? राज्यपाल-मुख्यमंत्री वैर इतके उघड होते की सूडाचा वास येणारच. पण ज्या माणसाने स्वतः निकाल अंगावर घेतला होता, त्याला दुसऱ्यावर खटला भरण्याची सही करताना कायद्याचा कागद किती जड असतो हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. तान्सी प्रकरणात जयललितांना 2000 साली शिक्षा झाली, 2001 मध्ये उच्च न्यायालयात त्या सुटल्या आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. हे सगळे बघायला चेन्ना रेड्डी नव्हते. 2 डिसेंबर 1996 रोजी, राज्यपालपदावर असतानाच, हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

वेगळे तेलंगणा 2 जून 2014 रोजी झाले. ज्युबिली हिल्सवरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेला आजही डॉ. मर्री चेन्ना रेड्डींचे नाव आहे. त्यांची समाधी शहराच्या मध्यभागी इंदिरा पार्कमध्ये आहे, आणि बागेला लागूनच ‘धरना चौक’. वर्षानुवर्षे हैदराबादेत ज्याला सरकारविरुद्ध बसायचे असेल तो तिथे बसतो. 2017 साली नव्या तेलंगणा सरकारने तो बंद केला. 2018 साली उच्च न्यायालयाने तो पुन्हा मोकळा करून दिला.